आधी हाक, मग कागद : आडनावासारखी नावं ठेवताना

अमेरिकेतल्या एखाद्या बालवाडीबाहेर सुटायच्या वेळेला उभे राहा. हाका ऐकू येतात त्या अशा: मेसन, कार्टर, हार्पर, पार्कर, मॅडिसन, लिंकन. मराठी कानाला ही सगळी आडनावं वाटतात, आणि कान चुकत नाही; ती आडनावंच आहेत. ‘पोतदार, डबा संपवलास का?’ किंवा ‘चिटणीस, झोक्यावरून उतर आधी’ असं पाच वर्षांच्या पोराला म्हणून बघा. नातवाचं नाव ‘ग्रेसन’ ठरलंय हे फोनवर पहिल्यांदा ऐकणाऱ्या आजीला काय वाटत असेल, याचा अंदाज येईल.

हा लेख तिकडे राहणाऱ्या, किंवा जोडीदार तिकडचा असलेल्या मराठी आईबाबांसाठी आहे. असं नाव ठेवावं की नाही, हा वाद इथे नाही. ठेवायचंच असेल तर कुठल्या क्रमाने विचार करायचा आणि कुठे फसायला होतं, तेवढंच सांगायचं आहे.

क्रम महत्त्वाचा. आपण एरवी आधी नाव ठरवतो, घरचं नाव नंतर आपोआप पडतं. आडनावासारख्या नावांत हे उलटं करा: आधी हाक ठरवा, मग कागदावरचं नाव. ही नावं कागदावर भारदस्त दिसतात, पण रोजच्या हाकेला जड पडतात आणि हमखास आखडतात. आखडून काय होणार, हे बाळ जन्माला यायच्या आधी तुमच्या हातात असतं. शाळेत गेल्यावर ते वर्गातल्या पोरांच्या हातात जातं.

पहिली पायरी: नाव उकलून बघा

इंग्रजी आडनावं मुख्यतः चार-पाच खाणींतून येतात. नाव कुठल्या खाणीतलं आहे हे कळलं की त्याचा अर्थ कळतो आणि बहुतेक वेळा हाकही सापडते.

धंद्याची नावं सगळ्यात सोपी. कार्टर म्हणजे गाडीवान, कूपर म्हणजे लाकडी पिंपं करणारा, मेसन गवंडी, टायलर कौलं बसवणारा, सॉयर लाकूड कापणारा, फ्लेचर बाण करणारा, चँडलर मेणबत्त्यांवाला, पार्कर राखीव शिकारवनाचा राखणदार. आपल्याकडच्या कुलकर्णी, फडणीस, पोतनीस यांचीच जात. बॅक्स्टर आणि वेब्स्टर यांच्या शेवटी जो ‘स्टर’ आहे तो मुळात बायकी प्रत्यय. बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी, वेब्स्टर म्हणजे विणकरीण. आज दोन्ही नावं मुलग्यांना देतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

गावाची नावं म्हणजे आपले ‘कर’. शेवटी ‘ली’ असेल तर रानातली मोकळी केलेली जागा, ‘टन’ असेल तर वाडी किंवा गाव. ॲशली म्हणजे ॲश झाडांचं मोकळं रान, ब्रॅडली रुंद रान, प्रेस्टन पाद्र्यांची वाडी. बायरन हे नाव कानाला काव्यमय लागतं. मूळ अर्थ गोठ्यांपाशी राहणारा.

बापाची नावं म्हणजे ‘सन’ लागलेली. हॅरिसन हॅरीचा मुलगा, अँडरसन अँड्र्यूचा, एमर्सन एमरीचा. आयरिश-स्कॉटिश ‘मॅक’चा अर्थही मुलगा, आयरिश ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, नॉर्मन ‘फिट्झ’ म्हणजे मुलगा. वेल्समध्ये हेच काम ‘ॲप’ करतो आणि तो पुढच्या नावात विरघळतो: ॲप ऱ्हीसचं प्राइस झालं, ॲप हॉवेलचं पॉवेल. मात्र शेवटी ‘सन’ दिसला की मुलगा असं धरून चालू नका. मेसनमध्ये कोणाचा मुलगा नाही, नुसता गवंडी आहे. ॲलिसन हे तर ॲलिसचं लाडकं रूप, आडनावाशी त्याचा मूळ संबंधच नाही.

चौथी खाण शारीरिक खुणांची, आणि इथे जरा जपून. कॅमरन म्हणजे वाकड्या नाकाचा, कॅम्पबेल वाकड्या तोंडाचा. मॅलरीचा उगम जुन्या फ्रेंचमधल्या ‘दुर्दैवी’ या अर्थाच्या शब्दात आहे. रसेल म्हणजे लालसर केसांचा, हे त्यातल्या त्यात बरं. इंग्रजी बोलणारे लोक हे अर्थ मनात आणत नाहीत. पण मराठी घरात बारशाला कोणीतरी ‘अर्थ काय हो नावाचा?’ विचारणारच. उत्तर तयार असू द्या.

दुसरी पायरी: आतली हाक बाहेर काढा

या विषयातली सगळ्यात गमतीची गोष्ट ही की आडनावासारखं नाव कोरडं वाटत असलं तरी अनेकदा त्याच्या पोटात एक टोपणनाव आधीपासून बसलेलं असतं. मध्ययुगीन इंग्लंडात मोजकीच नावं होती, त्यामुळे एका गावात दहा रिचर्ड आणि बारा रॉबर्ट. लोक त्यांची नावं आखडायचे आणि मग यमक जुळवायचे. रिचर्डचा रिक, रिकचा डिक आणि हिक. रॉबर्टचा रॉब, त्यावरून हॉब आणि डॉब. रॉजरचा हॉज. वॉल्टरचा वॉट. गिल्बर्टचा गिब. डेव्हिडचा डॉ. ही टोपणनावं पुढे आडनावांत गोठली: डिक्सन, हिक्स, हॉब्सन, डॉब्सन, हॉजसन, वॉटसन, गिब्सन, डॉसन. आज कोणी मुलाचं नाव डॉसन ठेवतं तेव्हा सात-आठशे वर्षांपूर्वीच्या एका डेव्हिडची लाडाची हाक ते जपून ठेवत असतात. आपल्या विठूचं आडनाव होऊन ते पुन्हा पणतूचं नाव व्हावं, तसलाच प्रकार.

म्हणून ‘सन’वाल्या नावाला हाक शोधताना पहिल्यांदा ‘सन’ काढून टाका. हॅरिसनचा हॅरी, जॅक्सनचा जॅक, ॲडिसनची ॲडी (ही मुळात ॲडमची हाक), निक्सनचा निक. हे काढणं म्हणजे नाव तोडणं नव्हे. मुळात ते होतंच तसं.

ज्यांच्या पोटात हाक नाही त्यांना तीन वाटा. पहिली म्हणजे सुरुवात घ्यायची: लिंकनचा लिंक, बेनेटचा बेन, बेकेटचा बेक, वेस्ली आणि वेस्टन दोघांचाही वेस. दुसरी, सुरुवातीला ‘ई’ जोडायची: सलिव्हनचा सली, मॅडिसनची मॅडी. तिसरी, शेपूट घ्यायची: मॅकेन्झीची केन्झी, एव्हरेटचा रेट. शेपटाची वाट लोक विसरतात आणि नाव सोडून देतात. आमच्या मते ती अनेकदा सगळ्यात गोड हाक देते. ‘सन’वर संपणाऱ्या कुठल्याही नावाचा शेपटाकडून ‘सनी’ होतो, आणि सनीचा सोनू व्हायला मराठी घरात एक दुपार पुरते.

ब्रुक्स, क्विन, रीड, ब्लेअर, स्लोन यांना आखडायला जागाच नसते. काही आईबाबांना तेच हवं असतं: ठेवलं तेच राहील, कोणी मोडतोड करणार नाही. अमेरिकन घरात हे खरं ठरतं. मराठी घरात नाही. आपली लाडाची हाक दोन अक्षरांवर येऊन थांबते (बाळू, चिंगी, पम्या, मनू), त्यामुळे लांब नाव आखडतं तसं आखूड नाव लांबतं. क्विनचा क्विनू होतोच.

एक काम करून बघा. ठरवत असलेल्या नावाच्या पाच हाका कागदावर लिहा: तुम्हाला आवडेल ती, जोडीदाराच्या आईवडिलांच्या तोंडी बसेल ती, आजी-आजोबांच्या तोंडी बसेल ती, सात वर्षांचं पोर चिडवायला वापरेल ती, आणि बाळ मोठं होऊन नोकरीच्या ठिकाणी स्वतःची म्हणून सांगेल ती. पाचांपैकी तीन तरी चालण्यासारख्या असल्या तर नाव टिकाऊ. चिडवायची जागा कोरी राहिली तर शोध अपुरा आहे असं समजा.

तिसरी पायरी: मराठी कानावर वाजवून घ्या

नावांच्या इंग्रजी याद्यांत ही पायरी सापडणार नाही, आणि मराठी घरात बहुतेक घोळ इथेच होतो. नाव मोठ्याने म्हणा, इंग्रजी उच्चारात नाही, तर कोल्हापूरची मावशी जसं म्हणेल तसं.

पामर घ्या. मूळ अर्थ चांगला: पवित्र भूमीची यात्रा करून पामचं पान घेऊन परतलेला यात्रेकरू. अमेरिकेत आता मुलींनाही देतात. पण इंग्रजीत त्यातला ‘ल’ अनेक जण उच्चारत नाहीत, आणि उरतो तो शुद्ध मराठी पामर. ‘आम्ही पामर काय बोलणार’ हे वाक्य त्या मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला कोणीतरी म्हणेल.

हंटर म्हणजे तिकडे शिकारी, आपल्याकडे चाबूक. हडसनचं पहिलं अक्षर घेऊन हाक मारली की ‘हड’. कुत्र्याला हाकलतो तो शब्द. त्याच्या पुढे ‘ळ’ लावायला पोरांना शिकवावं लागत नाही. फिट्झजेराल्डचा फिट्झ झाला की मराठीत कोणाला तरी फिट्स येतात. टकर ऐकून टक्कर आठवली तर ठीक, पण मुंजीत डोकं भादरल्यावर टकल्या ठरलेला. मेसनला बेसन जुळतं, हे सांगायला नकोच. रँडल हे नाव कागदावर निरुपद्रवी आहे, त्याची रूढ हाक रँडी; ती मराठी-हिंदी घरात का मारता येत नाही हे लिहायची गरज नाही, आणि इंग्लंडातही त्या शब्दाचा अर्थ सभ्य नाही.

सॉयरची गोष्ट वेगळी. लाकूड कापणारा, नाव सुरेख, उच्चार थोडा इकडे-तिकडे झाला की ‘सोयर’. बाळ झाल्यावर दहा दिवस घरात जे पाळतात तेच. आजीने कोणाला फोनवर ‘आमच्याकडे सॉयर आहे’ सांगितलं तर समोरची बाई म्हणणार, हो, असणारच की.

काही नावांना वाईट अर्थ नाही, पण जागा आधीच भरलेली आहे. पार्कर म्हटलं की पेन. कूपर म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे जुहूचं रुग्णालय, कार्टर म्हटलं की वांद्र्याचा समुद्रकिनारा, विल्सन म्हटलं की गिरगाव चौपाटीसमोरचं कॉलेज. मर्फी म्हटलं की साठीच्या पुढची मंडळी रेडिओ म्हणतील आणि त्या जाहिरातीतलं बोट ओठावर ठेवलेलं गुटगुटीत बाळ आठवतील. ही अडचण नाही. उलट आजी-आजोबांना धरायला काहीतरी मिळतं.

उच्चाराचा दुसरा भाग म्हणजे ‘व’. इंग्रजीतले दोन वेगळे व मराठीत एकच होतात, त्यामुळे वेस्टन-वेस्ली घरात एक आणि शाळेत एक ऐकू येणार. चालण्यासारखं आहे. आठ-नऊ वर्षांचं पोर मात्र आजीचा उच्चार दुरुस्त करायला लागतं, तेव्हा सगळ्यांनी हसून घ्यावं.

आणि हे उलट्या बाजूनेही वापरता येतं. काही आडनावांची हाक आयती मराठी निघते. एव्हरीची हाक ‘अवी’ होऊ शकते. अविनाशची होते तीच. रोवन हे मूळ आयरिश नाव. इकडे रोहन, तिकडे रोवन, फरक एका अक्षराचा. डेव्हिन किंवा डेव्हलिनचा ‘देव’. निक्सनचा निकू. नील तर आपलाही आहे आणि गेलिकही. नेल्सनची एक व्युत्पत्ती नीलचा मुलगा अशीच सांगतात, म्हणजे कागदावर नेल्सन आणि घरात नील हे भाषाशास्त्रालाही मान्य. अशी जोडी सापडली तर आमचा कौल तिलाच. दोन्हीकडचे आजी-आजोबा एकच हाक मारतात, आणि बाळाला आपल्याला दोन नावं आहेत असं वाटत नाही.

चौथी पायरी: आडनावाशेजारी उभं करा

हार्पर हर्डीकर. टायलर तेंडुलकर. कार्टर कानेटकर. मोठ्याने म्हणा, रेल्वेचे डबे रूळ बदलताना वाजतात तसं वाजतं. ‘अर’वर संपणारी धंद्याची नावं आणि ‘कर’वर संपणारी आपली आडनावं एकमेकांवर आपटतात. पार्कर पारकरबद्दल तर बोलायलाच नको. ‘कर’ कुटुंबांनी ‘ली’, ‘टन’ किंवा ‘ट’वर संपणारी नावं बघावीत: बेनेट कानेटकरमध्ये ‘नेट’ दोनदा येतो, पण एलियट हर्डीकर छान बसतं. जोशी, साठे, देशपांडे, गोडबोले यांना ‘अर’ची भीती नाही.

आखूड आडनावांचा त्रास वेगळा. कार्टर देव, जॅक्सन राणे, मॉर्गन लेले. अमेरिकन कारकुनाच्या डोळ्याला यातलं आडनाव कुठलं? जॅक्सन. मग राणे हे पहिलं नाव. दवाखान्यात फाइल ‘ज’खाली लागते, शाळेच्या यादीत मूल चुकीच्या रांगेत जातं, विमा कंपनीकडे एका बाळाची दोन बाळं होतात. आडनाव दोन-तीन अक्षरांचं असेल आणि पहिलं नाव आडनावासारखं असेल तर हा उलटापालटीचा त्रास अधूनमधून होत राहणार. फोनवर नाव सांगताना ‘आडनाव राणे’ असं आधी सांगायची सवय लावा. मधलं नाव ठळक भारतीय ठेवलं तरी थोडा फरक पडतो.

भावंडांचंही आत्ताच बघा. पहिल्याचं जॅक्सन, दुसरीचं मॅडिसन, तिसऱ्याचं ग्रेसन ठेवलं तर जिन्याखालून हाक मारल्यावर तिघंही येतात किंवा एकही येत नाही. दोन मुलांच्या नावांची शेपटं वेगळी आणि हाकेचं पहिलं अक्षरही वेगळं असावं.

पाचवी पायरी: आईचं आडनाव

मुलाला आडनावाचं नाव ठेवण्याची चाल सुरू झाली ती मुख्यतः इथून. इंग्लंडातल्या सरदार घराण्यांत आईच्या माहेरचं आडनाव मुलाला द्यायचे, म्हणजे तिच्या घराण्याची आठवण (आणि तिच्या इस्टेटीवरचा हक्क) राहायचा. इंग्लंडची नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे हिचा नवरा, १५५४ मध्ये शिरच्छेद झालेला गिल्डफर्ड डडली, याचं नाव आईच्या गिल्डफर्ड या आडनावावरून. अमेरिकेच्या दक्षिणेत ही चाल घट्ट रुजली. राष्ट्राध्यक्षांच्या यादीवरून नजर फिरवा: मिलर्ड फिलमोर यांची आई माहेरची मिलर्ड, वुड्रो विल्सन यांची आई माहेरची वुड्रो. जॉन केनेडी यांच्या मधल्या फिट्झजेराल्डमध्ये आईचं माहेर आहे, आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या मधल्या डेलानोमध्येही.

मग वडील अमेरिकन आणि आई मराठी असेल तर आईचं आडनाव बाळाला का देऊ नये? देता येतं, आणि अनेक जण देतात. पण रोमन लिपीत लिहून, मराठी न येणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. काळे तिकडे केल नावाची पालेभाजी होते. माने म्हणजे घोड्याची आयाळ. गोरे म्हणजे सांडलेलं रक्त. दाते म्हणजे तारीख किंवा संध्याकाळची भेट. साने म्हणजे ‘डोकं ठिकाणावर असलेला’, जे त्यातल्या त्यात शोभेचं. डांगे वाचताना पुढचं अक्षर नसलं तरी लोक ‘डेंजर’ वाचतात. नेने, राव, जोशी, देव ही आडनावं वाचायला सुटसुटीत आहेत. बाकीची मधल्या जागी ठेवावीत. तिथे ती फक्त कागदावर असतात, कोणी हाक मारत नाही, आणि आईचं नाव राहतं.

मधली जागा एकच आणि दावेदार दोन (वडिलांचं नाव की आईचं आडनाव) असा पेच पडला तर दोन मधली नावं ठेवता येतात. बऱ्याच फॉर्मवर मात्र मधल्या नावाचं एकच आद्याक्षर छापतात. जे आधी लिहाल तेच दिसेल.

सहावी पायरी: मुलगा, मुलगी आणि गर्दी

आडनावाला लिंग नसतं, म्हणून ही नावं दोन्हीकडे चालतात. पण वाहतूक बहुतेक एकाच दिशेने होते: मुलग्यांची नावं मुलींकडे जातात, परत फारशी येत नाहीत. शर्ली हे आधी आडनाव आणि क्वचित पुरुषी नाव होतं. शार्लट ब्राँटीच्या १८४९ च्या कादंबरीतल्या नायिकेने ते मुलींचं केलं. ॲशली अमेरिकेत १९९१ आणि १९९२ मध्ये मुलींच्या नावांत पहिल्या क्रमांकावर होतं, ब्रिटनमध्ये मात्र पुरुषांना देत राहिले. लेस्ली हे नाव तिकडे पुरुष एका स्पेलिंगने लिहितात आणि बायका दुसऱ्या. म्हणजे मुलाचं नाव ठेवताना देशही बघा.

मॅडिसनची चढण तर एका सिनेमाने सुरू झाली. १९८४ च्या एका हॉलिवूडपटात जलपरी न्यू यॉर्कच्या रस्त्यावरची पाटी वाचून हे नाव घेते. तिच्यासोबतचा माणूस म्हणतो, हे काय नाव झालं? तो विनोद होता. २००१ मध्ये हे नाव अमेरिकेत मुलींमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होतं. मुलीच्या नावात ‘मुलगा’ या अर्थाचा प्रत्यय आहे म्हणून तिकडे काही जण नाक मुरडतात. त्यात फारसा दम नाही. मॅकेन्झी म्हणजे ‘केनेथचा मुलगा’, आणि वर्गावर्गात मॅकेन्झी नावाच्या मुली आहेत.

गर्दी मोजायची सोय चांगली आहे. अमेरिकेचं सोशल सिक्युरिटी प्रशासन १८८० पासूनची आकडेवारी संकेतस्थळावर देतं, राज्यवारही. वर्षभरात पाचपेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव तिथे दिसत नाही. इथे नवखे लोक एक चूक हमखास करतात: क्रमांक बघतात आणि सुटकेचा श्वास सोडतात. पण ती यादी प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजते. जॅक्सन किमान तीन प्रकारे लिहितात, ग्रेसन दोन, मॅकेन्झी चार-पाच. हाकेला सगळे एकच. सगळ्या स्पेलिंगांचे आकडे एकत्र करा, मग खरी गर्दी कळते. नंतर त्या नावाचा दहा वर्षांचा आलेख बघा. वर जाणाऱ्या नावापेक्षा शिखरावरून नुकतंच उतरायला लागलेलं नाव लवकर शिळं वाटतं. मेसन २०११ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर होतं, त्यामुळे ती पिढी आता एका वर्गात दोन-दोन मेसन घेऊन कॉलेजात जाणार आहे.

वेगळेपणासाठी स्पेलिंग मोडू नका. त्याने हाक वेगळी होत नाही, फक्त आयुष्यभर अक्षरं सांगत बसावं लागतं.

सातवी पायरी: आधी कोणाचं होतं?

आडनावाचं नाव म्हणजे कोणत्या तरी घराण्याचं नाव, आणि घराण्यांना इतिहास असतो. लिंकन ठेवताना बहुतेकांच्या मनात अब्राहम लिंकन असतो, ते छानच. जॅक्सन ठेवताना अँड्र्यू जॅक्सन मनात नसतो, पण मूळ अमेरिकन शेजाऱ्याच्या मनात येऊ शकतो. त्याच्या कारकिर्दीतल्या कायद्याने त्यांच्या पूर्वजांना घरादारातून हुसकावलं. रेगन, केनेडी, कार्टर यांना पक्षाचा रंग आहे. आपल्या बाजूनेही बघा. रँड हे तिकडे साधं नाव आहे. पुण्याच्या घरात ते १८९७ आणि चापेकरांशिवाय ऐकू येत नाही. डायर म्हणजे नुसता रंगारी, तरी भारतीय घरात ते नाव येणार नाही.

वसई, वांद्रे आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत आणि मुंबईच्या पारशांत स्टॅन्ली, क्लिफर्ड, नेल्सन, नेव्हिल, पर्सी, रसेल ही नावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एके काळी ही सगळी इंग्रज सरदारांची किंवा सेनापतींची आडनावं होती. आता स्टॅन्ली म्हटलं की वसईकराला शेजारचा काका आठवतो. नावाचा माज उतरायला तीन पिढ्या पुरतात.

आठवी पायरी: कागद

बारसं बाराव्या दिवशी. अमेरिकन रुग्णालयातून साध्या बाळंतपणानंतर साधारण दोन दिवसांत घरी पाठवतात, सिझेरियन असेल तर तीन-चार. जन्मदाखल्याचा तक्ता त्याआधीच खाटेवर आणून देतात, आणि त्यावर पहिलं, मधलं, शेवटचं नाव लिहायचं असतं. नाव कोरं ठेवून नंतर भरता येतं, पण मुदत आणि खटपट राज्यागणिक वेगळी. इंग्लंडात ४२ दिवस मिळतात, स्कॉटलंडमध्ये २१. तिथे बारसं उरकून नोंदणीला जाता येतं. अमेरिकेत नाव आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. आत्याने बाराव्या दिवशी कानात ‘कुर्र’ करताना हाकेचं नाव सांगावं. कागद तोवर झालेला असतो.

दाखल्यावर पूर्ण नाव घाला, हाक नको. हॅरिसन लिहिलं की मुलाला पुढे हॅरीही वापरता येतं. नुसतं हॅरी लिहिलं तर हॅरिसनला सहजासहजी जाता येत नाही. ‘मॅक’वाल्या नावांत मधलं मोठं अक्षर आणि जागा संगणकात टिकत नाहीत, जागा सोडून लिहिलंत तर अर्धं नाव मधल्या रकान्यात जाऊन बसतं. सगळं सलग लिहा. ‘ओ’नंतरचा स्वल्पविरामासारखा टिंब कधी राहतो, कधी गळतो, त्यामुळे दोन कागदांवर दोन नावं होतात. कॅलिफोर्नियाचा जन्मदाखला वर्षानुवर्षं साध्या २६ अक्षरांवरच्या खुणा घेत नव्हता, तेव्हा उच्चाराच्या रेघा-ठिपक्यांचा हट्ट धरण्याआधी तुमच्या राज्यात सध्या काय चालतं ते विचारा.

लांबीही मोजा. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायची जी ओळ असते तिच्यात पूर्ण नावाला ३९ घरं मिळतात. सहस्रबुद्धे या आडनावाची रोमन अक्षरं १३, त्यानंतरची दोन चिन्हं धरून १५. उरली २४. मॉन्टगोमेरीची दहा आणि मध्ये एक चिन्ह गेलं की मधल्या नावाला १३ उरतात. त्यापुढचं कापलं जातं. विमानाच्या तिकिटावर पहिलं आणि मधलं नाव चिकटून छापलं जाण्याची शक्यता असते, तेव्हा ते चिकटवून एकदा वाचून बघा. मध्येच भलताच शब्द तयार होत नाही ना, तेवढं पाहा. आद्याक्षरांचंही तसंच.

मग सही करायच्या आधी रुग्णालयाने छापून दिलेला मसुदा अक्षर अक्षर बोट ठेवून वाचा, दोघांनी वेगवेगळा. रात्री झोप नसते, नाव पाठ असतं, आणि पाठ असलेलं माणूस वाचत नाही. हायरम युलिसिस ग्रँट या मुलाला १८३९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत पाठवताना शिफारस करणाऱ्या काँग्रेस सदस्याने त्याचं नाव चुकून ‘युलिसिस एस. ग्रँट’ लिहिलं. तो ‘एस’ बहुधा आईच्या माहेरच्या सिम्प्सनचा. अकादमीने दुरुस्ती केली नाही. त्या एका अक्षरासकट तो सेनापती झाला, राष्ट्राध्यक्ष झाला, आणि पन्नास डॉलरच्या नोटेवर छापला गेला.